एका घरापुरतं संकेतस्थळ

"म्हणजे हे पोटभाडेकरूसारखं झालं," चौबळ सर म्हणाले.

मी त्यांच्या दिवाणखान्यात संगणकासमोर बसलो होतो. मॉनिटरवरचं क्रोशाचं आच्छादन काकूंनी घडी घालून टीपॉयवर ठेवलं होतं. सर माझ्या पाठीमागे हात मागे बांधून उभे होते. आठवीत आम्ही गणितं सोडवताना ते असेच पाठीमागे उभे राहत, आणि त्यामुळे येत असलेलं गणितही चुकत असे. मी त्यांना सांगत होतो की या यंत्राच्या पोटात आपण दुसरं एक यंत्र बसवतोय. ते खरोखरचं नसतं. पण आपल्याला स्वतंत्र डिस्क आहे, स्वतंत्र मेमरी आहे, असं त्याला मनापासून वाटत असतं. प्रत्यक्षात सगळं बाहेरच्या यंत्राचं वापरत असतं. या धंद्यात बाहेरच्याला यजमान म्हणतात आणि आतल्याला पाहुणा.

"आणि पाहुण्याला हे ठाऊक नसतं?"

"नाही सर. तो स्वतःला घराचा मालक समजतो."

"मोठं गमतीचं आहे," सर म्हणाले आणि काकूंना चहाचं सांगायला आत गेले.

मी मात्र हसलो नाही. मी तिथे सूड घ्यायला आलो होतो.

ही २०११ सालची गोष्ट. टेलिफोन खात्यातून निवृत्त होऊन मला वर्ष झालं होतं. नोकरीतली पस्तीस वर्षं मी तालुक्यातल्या गावोगावच्या तारा तपासत हिंडलो, आणि हिंडता हिंडता विहिरी मोजल्या. आधी सहज म्हणून, मग नाद लागला म्हणून. सुतळीला लोखंडी नट बांधायचा, आत सोडायचा, खोली टिपायची. पायऱ्या मोजायच्या, विहीर कुणी खणली, कुणी जीव दिला, कुणाला पाणी भरू देत नव्हते, हे म्हाताऱ्या माणसांना विचारायचं. अशा तीनशे अठरा विहिरी झाल्या. निवृत्तीच्या आधी दोन वर्षं रोज संध्याकाळी घरी बसून सगळं संगणकावर टाइप केलं आणि चौबळ सरांकडे प्रस्तावनेसाठी नेऊन दिलं. सर आमच्या गावच्या वाङ्मय मंडळाचे अध्यक्ष, माजी मुख्याध्यापक आणि माझे शिक्षक. खातरी पटावी म्हणून मूळ वह्यासुद्धा दिल्या.

अकरा महिने सर प्रस्तावना लिहीत होते. मग एक दिवस प्रकाशन समारंभाची निमंत्रणपत्रिका आली. 'तालुक्याच्या विहिरी', लेखक : न. त्र्यं. चौबळ. समारंभात पुस्तक हातात पडल्यावर मी माझं नाव शोधलं. होतं. आतल्या पानावर, मुद्रकाच्या पत्त्याखाली, मुंगीएवढ्या अक्षरात. 'अक्षरजुळणी : प्रभाकर शिंपी.' भाषणात सरांनी माझा खास उल्लेखही केला. इतकी निर्दोष अक्षरजुळणी हल्ली दुर्मीळ आहे, असं ते म्हणाले. सगळे माझ्याकडे बघत होते म्हणून मीही टाळ्या वाजवल्या. वह्यांचं विचारलं तेव्हा कळलं की त्या दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत गेल्या.

घरी आल्यावर सिंधूने, माझ्या बायकोने, विचारलं, "आता काय करणार?"

"वाट बघणार," मी म्हटलं. टेलिफोन खात्यात जन्म काढलेल्या माणसाला दुसरं काय येणार.

दोनच महिने वाट बघावी लागली. सरांना पुस्तकाचं संकेतस्थळ हवं होतं. फोनवर म्हणाले, "तूच कर प्रभाकर. तुझं काम स्वच्छ असतं."

काम स्वच्छच केलं. तीन गुरुवार खपलो. आधी त्यांच्या यंत्राला पाहुणा ठेवून घ्यायची परवानगी द्यावी लागते, ती दिली. यजमानाची निम्मी मेमरी पाहुण्याला तोडून दिली. पाहुण्याच्या आत सर्व्हर बसवला, माहितीचा साठा बसवला. संगणक सुरू केला की पाहुणा आपोआप जागा होईल अशी सोय केली. त्याला चार मिनिटं लागत. तेवढा वेळ सर हात जोडल्यासारखे बसून राहत आणि घरातल्यांना सांगत, इंटरनेट उठतंय.

शेवटचं काम एका ओळीचं होतं. प्रत्येक संगणकात एक लहानशी फाईल असते. एखादा नंबर एक्स्चेंजला विचारण्याआधी माणूस खिशातली डायरी बघतो, तशी ही यंत्राची डायरी. तिच्यात नाव सापडलं तर यंत्र बाहेर चौकशीच करत नाही. मी तिथे सरांच्या संकेतस्थळाचं नाव लिहिलं आणि त्याच्यापुढे पाहुण्याचा पत्ता. यात गैर काही नाही. संकेतस्थळं करणारे सगळेच असं करतात. आधी आपल्याच यंत्रात सगळं नीट दिसतंय का बघायचं, मग ते उचलून जगासाठी खऱ्या सर्व्हरवर ठेवायचं आणि डायरीतली ओळ खोडायची. मी पहिली पायरी मन लावून केली. दुसरी राहिली.

सरांनी एका बोटाने नाव टाइप केलं. पान उघडलं. वर सरांचा फोटो, विहिरीच्या काठावर चिंतन करताना. विहीर नगरपालिकेच्या बागेतली होती, सिमेंटची. सर भारावले.

"हे आता कधीही दिसेल?"

"कोणत्याही दिवशी, कोणत्याही वेळी. तुम्ही इथे बसा आणि बघा."

खोटं मी एक अक्षर बोललो नाही.

माझा बेत साधा होता. सर मंडळाच्या मासिक बैठकीत संकेतस्थळाची घोषणा करणार. चाळीस माणसं घरी जाऊन ते उघडायला जाणार. उघडणार नाही. पुढच्या बैठकीत चाळीस माणसं सरांकडे बघणार, आणि मी शेवटच्या रांगेत बसून सरांचा चेहरा बघणार. तेवढ्यासाठी मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो.

त्या बैठकीत सचिव पुराणिक उठून म्हणाले की मांडणी फार देखणी आहे. ग्रंथपालबाई म्हणाल्या, छायाचित्रं बोलकी आहेत. एका निवृत्त तहसीलदारांनी सूचना केली की अक्षरं थोडी मोठी असावीत. सरांनी ती नोंदवून घेतली आणि दुसऱ्या दिवशी मला फोन करून अक्षरं मोठी करायला सांगितली. मी केली.

मी एक गोष्ट विसरलो होतो. एखादं पुस्तक आपण वाचलेलं नाही, असं आमच्या मंडळात आजवर एकाही सभासदाने कबूल केलेलं नव्हतं. भेटीत मिळालेल्या पुस्तकाबद्दल 'वाचलं, छान आहे' म्हणणं हे 'जेवण झालं' म्हणण्याइतकं सवयीचं. तेच त्यांनी इथे केलं. पान उघडलं नाही तेव्हा प्रत्येकाने दोष आपल्या घरच्या कनेक्शनला दिला आणि बैठकीत येऊन स्तुती केली. एकटे गुरांचे डॉक्टर महाले उभे राहून म्हणाले की माझ्याकडे काही उघडत नाही बुवा. तिघांनी त्यांना मोडेम बदलायला सांगितला. भला माणूस, त्याने बदलला.

मी घरी येऊन शर्ट काढून फेकला. सिंधू भाजी निवडत होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "गावात वाचणारं कुणी नसेल तर बाहेरून आणा."

अशा रीतीने इंदूरच्या श्रीमती कुमुदिनी पागनीस जन्माला आल्या. वय अठ्ठ्याहत्तर, माहेर आमच्या तालुक्यातलं, दृष्टी अधू पण स्मरण पक्कं. संकेतस्थळावर वाचकांच्या अभिप्रायासाठी मी जागा ठेवलेली होती. दर गुरुवारी मी सरांकडे 'देखभालीला' जात असे. दहा वाजता सर पूजेला बसत, वीस मिनिटं. तेवढ्यात मी पेनड्राइव्हवरून बाईंचं पत्र पाहुण्याच्या आत चढवत असे, आणि त्यांच्या मागच्या पत्राला सरांनी दिलेलं उत्तर वाचत असे.

पहिल्या पत्राने सर आठवडाभर फुलले होते. पण बाई नुसत्या स्तुतीवर थांबणाऱ्यातल्या नव्हत्या. जिवबाच्या बारवेत उजवीकडच्या कोनाड्यात काय आहे? मुक्याचा आड हे नाव कशावरून? सरांनी एकही विहीर पाहिलेली नव्हती. ते मला फोन करत. मी उत्तर सांगत असे. सर ते अलंकारिक भाषेत लिहून बाईंना देत, आणि पुढच्या गुरुवारी मी बाईंच्या वतीने समाधान व्यक्त करत असे. माझेच प्रश्न, माझीच उत्तरं. मध्ये सर, पोस्टमनसारखे. पण असं चार महिने चाललं आणि मला त्यातलं सुख मिळेना. पोस्टमनची फजिती होत नसते. शिवाय बाईंच्या कौतुकाने सरांचं वजनही वाढलं होतं असं काकू म्हणाल्या.

मग बाईंनी खरं पत्र लिहिलं. त्याला मला दोन दिवस लागले.

"अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात मी माहेरी आले होते. तेलीण विहिरीच्या काठावर खाकी कपड्यातला एक माणूस सुतळीला नट बांधून खोली मोजत होता. माझ्यासमोर त्याने पायऱ्या मोजल्या, एक्केचाळीस. आपल्या पुस्तकात तोच आकडा वाचून तो आठवला. तो कोण होता? हल्ली काय करतो?"

खरं सांगतो, त्या आठवड्यात मी माफ करायची तयारी ठेवली होती. बाई परक्या, इंदूरच्या, म्हाताऱ्या. त्यांच्यापाशी खरं बोलायला सरांचं काही जात नव्हतं. 'माझा एक विद्यार्थी, त्याने मला माहिती पुरवली', एवढं लिहिलं असतं तरी मी डायरीतली ओळ खोडून दुसरी पायरी पूर्ण केली असती आणि विषय सोडून दिला असता.

गुरुवारी आत घंटा वाजत होती. मी उत्तर उघडलं.

"आपण ज्याला पाहिलंत तो माझा विद्यार्थी प्रभाकर. माझ्या सांगण्यावरून तो मापं घ्यायला जात असे. दुर्दैवाने तो आता या जगात नाही."

मी ते दुसऱ्यांदा वाचत होतो, तेवढ्यात आतून सरांचा आवाज आला. पूजा आटोपली होती.

"प्रभाकर, पोह्यांवर ओलं खोबरं चालेल ना रे?"

"चालेल सर," मी म्हटलं.

पोहे चांगले झाले होते. मी दुसऱ्यांदा मागून घेतले.

सिंधूला सांगितलं तेव्हा तिने हातातलं काम बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "कशाने गेलात तेवढं विचारून घ्या."

बाईंनी विचारलं. हळहळ व्यक्त केली, आणि शेवटी एक विनंती केली. आपण त्याचे गुरू. त्याच्याबद्दल चार शब्द संकेतस्थळावर लिहावेत. मी डोळे मिटायच्या आधी वाचीन.

इथे सरांच्या एका कौशल्याबद्दल सांगायला हवं. गावात कुणी गेलं की शोकसभेत शेवटचं भाषण सरांचं असे. तीनशेच्या वर भाषणं झाली असतील. जिवंत माणसाला सरांनी कधी दीड ओळीपेक्षा जास्त श्रेय दिलं नाही. पण गेलेल्या माणसाच्या बाबतीत त्यांचा हात आवरत नसे. गिऱ्हाइकाला पिशवी न देणाऱ्या वाण्याला त्यांनी दानशूर केलं होतं. तीन वर्षं शाळेत न आलेल्या शिक्षकाला ज्ञानतपस्वी केलं होतं. शोकसभेचं भाषण एकदा सुरू झालं की ते आपल्या वाटेने जाई आणि सर त्याच्यामागून जात.

पुढच्या गुरुवारी संकेतस्थळावर नवं पान होतं. मथळा : 'कै. प्रभाकर शिंपी : एक मूक साधक'. मी ऐन पन्नाशीत गेलो होतो. कशाने, ते सरांनी संदिग्ध ठेवलं होतं. पण सापाचा संशय घ्यायला जागा होती. पहिल्या परिच्छेदात माझं दारिद्र्य होतं, दुसऱ्यात माझी गुरुभक्ती. तिसऱ्या परिच्छेदात सरांचा हात सुटला.

"भर उन्हात, खात्याची कामं उरकून, हा माणूस विहिरी शोधत हिंडला. या पुस्तकातली एकेक विहीर त्याने आपल्या पायांनी गाठली आणि आपल्या हातांनी मोजली. आकडे त्याचे, आठवणी त्याने जमवलेल्या, वाक्यं त्याची. या पुस्तकात माझं काही असेल, तर ते फक्त नाव."

खाली सरांची पूर्ण सही आणि तारीख. सरांना पानाचा प्रिंट काढून, त्यावर सही करून, ते स्कॅन करून पुन्हा पानावर चढवायची सवय होती. सहीशिवाय मजकूर अधिकृत होत नाही, असं त्यांचं मत.

मी ते तीनदा वाचलं. सर चांगलं लिहीत, हे मी आजही नाकारत नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. गेलेला माणूस खरंच चांगला होता.

मग पेनड्राइव्ह लावला आणि पाहुण्याच्या पोटातलं सगळं, पानं, फोटो, पत्रं, उत्तरं, उचलून घेतलं. संकेतस्थळाचं नाव त्याच दिवशी रीतसर नोंदवलं. शनिवारपर्यंत सगळं खऱ्या सर्व्हरवर जाऊन बसलं. मजकुरात मी कानामात्रेचाही फरक केला नाही. फक्त सरांचं नवं पान पहिलं ठेवलं. पत्रं त्याच्या मागे, म्हणजे कुणाला संदर्भ हवा तर असावा. त्यानंतर सरांकडे एक फेरी मारली आणि डायरीतली ओळ खोडली. आता जगाला जे दिसत होतं तेच सरांना दिसणार होतं. दुसरी पायरी पूर्ण झाली.

कुणाला काही सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. डॉक्टर महाले दर रविवारी सकाळी नव्या मोडेमवर ते नाव टाकून बघत होते. त्या रविवारी उघडलं. त्यांनी पहिल्या पानापासून शेवटच्या उत्तरापर्यंत सगळं वाचलं आणि आमच्याकडे फोन केला. सिंधूने उचलला. तिकडून त्यांनी दबक्या आवाजात विचारलं की वहिनी, हे कधी झालं, कळवलं नाहीत. सिंधू म्हणाली की हे बसलेत ना चहा पीत, देऊ का? त्यांनी विहिरीचा विषय काढला नाही. म्हशीच्या लसीबद्दल काहीतरी बोलून फोन ठेवला.

सोमवारी मंडळाची बैठक होती. मी शेवटच्या रांगेत बसलो. सर अध्यक्षस्थानी होते. त्यांनी रविवारी संगणक लावलेला नसावा, कारण चेहरा प्रसन्न होता. आयत्या वेळच्या विषयांत महाले उभे राहिले. जनावराला सुई टोचतानाचा त्यांचा जो सावकाश स्वर असतो, त्या स्वरात ते म्हणाले, "सरांच्या संकेतस्थळाचं पहिलं पान सगळ्यांनी वाचलंच असेल. पुस्तक प्रभाकररावांचं आहे, असं सरांनी स्वतः सहीनिशी लिहिलंय. एवढा मोठेपणा मी तरी पाहिला नाही."

चाळीस माणसं मार्च महिन्यापासून ते संकेतस्थळ वाचत होती. आता 'आम्ही ते पाहिलेलंच नाही' असं म्हणायची सोय कुणालाच उरली नव्हती. पहिले पुराणिक सावरले. म्हणाले, "हो, वाचलं. फार छान आहे." ग्रंथपालबाई म्हणाल्या, हृद्य. तहसीलदार म्हणाले की अक्षरंही आता वाचनीय झाली आहेत. मग कुणीतरी टाळ्या सुरू केल्या, आणि सगळ्यांनी माना वळवून माझ्याकडे पाहिलं. मी उभा राहून नमस्कार केला. मी वारलो आहे, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही, किंवा त्यांनी तसं दाखवलं नाही.

सरांचा चेहरा मला नीट दिसला. त्यासाठी मी सात महिने काढले होते. तो पांढरा पडला, मग लाल झाला, आणि मग त्यांनी अध्यक्ष या नात्याने हसून मान लववली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर आमच्या दारात उभे. साठ पायऱ्या चढून आले होते. सिंधूने खुर्ची दिली, पाणी दिलं आणि आत गेली. पण फार आत गेली नाही.

"प्रभाकर, ते पान काढ."

"का सर?"

"ती बाई कोण?"

"बाई काल्पनिक आहेत."

सरांनी पाण्याचं भांडं खाली ठेवलं. "म्हणजे तू मला फसवलंस."

"हो सर. अक्षरजुळणी करता करता शिकलो."

आत सिंधूने कुकरची शिटी काढून गॅस बंद केल्याचं कळलं; कुकरच्या आवाजात तिला आमचं बोलणं ऐकू येत नसावं.

"पण त्यात चूक आहे," शेवटी सर म्हणाले. आवाजात मुख्याध्यापक परत आला होता. "धडधडीत चूक आहे. तू जिवंत आहेस."

"ती आहे," मी मान्य केलं. "ती सुधारून देतो. आणखी कोणती ओळ खोटी असेल तर दाखवा सर. तुमच्या समोर काढतो."

मी त्यांच्या पानाचा प्रिंट त्यांच्यापुढे ठेवला. सरांनी चष्मा लावला. खिशातून लाल पेन काढलं, उत्तरपत्रिका तपासायचं, निवृत्तीनंतरही ते त्यांच्याजवळ असे. सुरुवातीच्या 'कै.'वर त्यांनी काट मारली. 'अकाली निधनाने' वर मारली. दारिद्र्याच्या परिच्छेदापाशी माझ्याकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या टीव्हीकडे पाहिलं आणि दोन विशेषणं कमी केली. पेन ओळीओळीने खाली सरकत होतं. भर उन्हात. आपल्या पायांनी. आकडे त्याचे. पेन कुठेकुठे थांबत होतं, पण टेकत नव्हतं.

शेवटच्या ओळीवर ते आलं आणि थांबून राहिलं.

"हे शेवटचं वाक्य," सर म्हणाले. "हे राहायलाच हवं का?"

"तुम्ही ठरवा. पण सर, तीनशे भाषणं मी ऐकलीत. तुम्ही याच्याइतकं चांगलं वाक्य आजवर लिहिलेलं नाही."

सरांनी ते वाक्य मनात वाचलं. मग ओठ हलवून वाचलं. मग हलक्या आवाजात, जिथे थांबायला हवं तिथे थांबून, एकदा म्हणून पाहिलं.

"आहे खरं चांगलं," ते म्हणाले, आणि पेनाला टोपण लावलं.